माजघरात रेंज येईपर्यंत

ऑगस्ट २०२२ मध्ये माझ्या सासूबाई मागच्या पडवीत घसरून पडल्या. मोबाइल कमरेलाच खोचलेला होता. त्यांनी तीनदा माझ्या नवऱ्याचा नंबर लावला आणि तिन्ही वेळा फोन लागला नाही, कारण आमच्या घरात रेंजच नव्हती. दोन तासांनी शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या तेव्हा त्या सापडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. रत्नागिरीला ऑपरेशन झालं, आणि महिन्याभरात आम्ही दोघांनी डोंबिवलीची जागा भाड्याने देऊन लांजा तालुक्यातलं हे घर गाठलं. नवरा बागेचं बघणार आणि मी घरून हिशेबाची, जीएसटीची कामं करणार, असं ठरलं.

घर खोलगट जागी आहे. वरच्या वाडीतून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरत यायचं, वहाळाच्या अलीकडे आमचं आगर, त्यात घर. भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड. वर कौलं, आणि पुढच्या अंगणावर पावसासाठी घातलेली पत्र्याची शेड. टॉवर महामार्गाच्या बाजूला, चारेक किलोमीटरवर. मध्ये सड्याची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराची, धार आडवी येते. म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला चिरा, आणि डोक्यावर पत्रा. पत्रा तर रेडिओ लहरींना सरळ परतवून लावतो.

माझं काम ओटीपीवर चालतं. महिन्याच्या ११ तारखेला एक विवरणपत्र, २० तारखेला दुसरं, आणि प्रत्येक वेळी फोनवर येणारा आकडा घालायचा. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते आणि पाखाडी चढून सड्यावर जायला मला बारा मिनिटं लागतात. म्हणून मी लॅपटॉपच वर नेऊ लागले. ऑक्टोबरच्या उन्हात कातळावर छत्री धरून बसायचं, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं, काम उरकायचं. ते एक वेळ मी वर्षानुवर्षं केलं असतं. पण मी सड्यावर असताना सासूबाई खाली एकट्या असत, आणि त्यांचा फोन मला लागणार नव्हता. ते मला सहन होत नव्हतं.

आधी रेंज मोजायला शिकले. फोनवरच्या कांड्यांवर भरवसा ठेवायचा नाही, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’च्या खाली सिमची स्थिती बघितली की सिग्नलचा खरा आकडा मिळतो, डीबीएममध्ये. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावलं की तपासणीचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे ११० च्या खाली गेलं की बोलणं तुटायला लागतं. आमच्या माजघरात उणे ११८, अंगणात पत्र्याच्या बाहेर उणे ११०, आगराच्या वरच्या टोकाला गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, उणे ९६, आणि सड्यावर उणे ८८. या मोजणीत दर १० ला दहापट फरक पडतो. म्हणजे माजघर आणि सडा यांच्यात ३० चा फरक, म्हणजे हजारपट. हे कळल्यावर माझा जरा धीर खचला, पण निदान कशाशी गाठ आहे ते तरी कळलं.

हे आकडे मी दिनदर्शिकेवर लिहायला लागले. दूध, गॅस, पोस्टमन आणि त्याखाली बारीक अक्षरात उणे किती ते.

बूस्टरची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डब्याची, कल्पना दिराकडून आली. ते मुंबईत असतात. त्यांनी व्हिडिओ पाठवले. एक माणूस लाकडी घरावर अँटेना लावतो, आत एक डबा बसवतो, आणि फोनवर पाचही कांड्या येतात. आम्ही ते व्हिडिओ चार-चारदा बघितले. ते अमेरिकेतले होते. तिथे २०१३ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने घरगुती बूस्टरसाठी नियम केले. डबा मान्यताप्राप्त हवा, तो मोबाइल कंपनीकडे नोंदवायला हवा, आणि त्याच्यामुळे टॉवरला त्रास व्हायला लागला तर त्याने आपोआप ताकद कमी करायला किंवा बंद पडायला हवं. यातलं काहीच त्या व्हिडिओंमधून आमच्या लक्षात आलं नाही. दिरांनी मुंबईच्या बाजारातून साडेपाच हजारांना संच घेतला आणि दिवाळीला येताना घेऊन आले. खोक्यावर कसलीही मान्यतेची खूण नव्हती. दुकानदाराने पावतीवर नुसतं ‘अँटेना सेट’ लिहिलं होतं. मी हिशेब बघणारी बाई, त्या पावतीपाशीच मी थांबायला हवं होतं.

संचात तीन वस्तू होत्या. एक यागी अँटेना, म्हणजे माशाच्या काट्यासारखी दांडीवर आडव्या काड्या असलेली, जुन्या टीव्हीच्या अँटेनाची धाकटी बहीण. एक लोखंडी डबा, हा मुख्य अँप्लिफायर. आणि आत छताला लावायची पांढरी वाटीसारखी अँटेना. बाहेरची अँटेना टॉवरचा क्षीण सिग्नल पकडते, डबा तो वाढवतो, आतली अँटेना तो घरात सोडते. फोनचं उत्तर उलट्या वाटेने त्याच डब्यातून टॉवरकडे जातं. डब्यावर ७० डीबी लिहिलं होतं. सत्तर डीबी म्हणजे एक कोटी पट वाढ. त्या वेळी हा आकडा वाचून मला आनंद झाला होता.

गावातले वायरमन काका आले. कौलांवरून वीस फुटी पाइप उभा केला, टोकाला यागी बांधली. टॉवर नक्की कुठे आहे ते सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर बघून ठेवलं होतं. तिथे आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात. नवरा पाइप एकेक बोट फिरवायचा आणि मी खाली आकडा वाचायचे. उणे १०६, उणे १०३, उणे १०१. तिथे आवळून टाकलं. आतली वाटी माजघराच्या तुळईला लावली. डबा चालू केला आणि माजघरात फोन उणे ८४ दाखवायला लागला.

सासूबाईंनी खाटेवरून डोंबिवलीच्या शेजारणीला फोन लावला. मग मुंबईला बहिणीला. मग पुन्हा डोंबिवलीला. अडीच महिन्यांत त्यांनी घरातून कुणाशी बोलणं केलं नव्हतं. त्या दिवशी रात्री मी दिरांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते.

तीनेक आठवडे सुरळीत गेले. मग थंडी पडली. सकाळचं ऊन मिळावं म्हणून आम्ही सासूबाईंची खाट माजघरातून ओटीवर हलवली, आणि खाटेमागोमाग छताची वाटीही ओटीवर आणली. ओटीच्या बरोबर वर तो पाइप उभा होता. आता बाहेरची आणि आतली अँटेना यांच्यात फक्त कौलं आणि पाइपाएवढं अंतर उरलं. त्या दिवसापासून डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि डबा हाताला चटका बसेल इतका तापू लागला. घरात रेंज मात्र होती. म्हणून आम्ही दिव्याकडे लक्ष दिलं नाही.

वरच्या वाडीत आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, राहतात. गरोदर बायका, लहान मुलांचे डोस, क्षयाची औषधं, सगळं त्यांच्या फोनवर चालतं. त्या एकदा पाखाडीवर भेटल्या. म्हणाल्या, “वैनी, हल्ली फोन लागतो, पन माझा आवाजच पलीकडं जात नाय. मी हॅलो हॅलो करत बसते, आनि कट.” मी म्हटलं, कंपनीला कळवा. वरच्या वाडीत आधी कामचलाऊ रेंज होती, तिथल्या चार-पाच घरांची हीच तक्रार सुरू झाली. कांड्या दिसतात, पण आवाज जात नाही. माझ्या घरातल्या डब्याशी याचा काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी मोबाइल कंपनीची दोन मुलं पाखाडी उतरत आली. एकाच्या हातात छोटी यागीच, आणि गळ्यात अडकवलेला पडदा असलेलं यंत्र. तो अँटेना डावीकडे-उजवीकडे फिरवायचा आणि पडद्यावरची रेघ बघायचा. आमच्या अंगणात येऊन त्याने वर पाइपाकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, “वहिनी, बूस्टर लावलाय का?”

मी हो म्हटलं. लपवण्यासारखं काही केलंय असं मला वाटतच नव्हतं. त्याने मला पडदा दाखवला. एरवी गवतासारखी बारीक खुरटी रेघ असायला हवी, तिथे एक सरळ उंच भिंत उभी होती. “आता बंद करा,” तो म्हणाला. नवऱ्याने प्लग काढला. भिंत जागच्या जागी कोसळली, गवत उरलं. त्या मुलाने सड्याच्या बाजूला जाऊन ऑफिसात फोन लावला, टॉवरवरचा आकडा बघायला सांगितला. टॉवरला ऐकू येणारा गोंगाटही त्याच क्षणी उतरला होता.

मग तो ओटीवर चहा घेत बसला आणि त्याने जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. शिमग्याला पालखीपुढे माइक आणि कर्णा जवळ आले की कशी कर्कश शिट्टी वाजते? माइक कर्ण्याचा आवाज ऐकतो, कर्णा तोच पुन्हा मोठा करतो, पुन्हा माइक ऐकतो, आणि ते थांबतच नाही. आमच्या डब्याचं तेच झालं होतं. बाहेरच्या अँटेनाने सोडलेलं आतली अँटेना पकडत होती, डबा ते पुन्हा कोटीपट वाढवत होता, आणि पूर्ण ताकदीने अखंड शिट्टी टॉवरच्या दिशेने जात होती. आम्हाला ऐकू न येणारी. दोन अँटेनांमध्ये अडसर इतका हवा की डब्याच्या वाढीपेक्षा तो बराच जास्त भरेल. आमच्याकडे मध्ये फक्त कौलं होती. चांगल्या बनावटीचा डबा अशा वेळी स्वतःला आवरतो. या डब्यात ती सोयच नव्हती.

“टॉवर बोलायला मोठा असतो, त्याची ताकद वॅटमध्ये मोजतात, वीस-चाळीस वॅट,” तो म्हणाला. “फोन कितीही जोर लावला तरी ०.२ वॅटच बोलतो. टॉवरला तेवढं कुजबुजणं चार किलोमीटरवरून ऐकायचं असतं. तुम्ही त्याच्या कानात शिट्टी वाजवलीत. जवळचे फोन तरी ओरडून भागवतात, लांबचे आधी बुडतात.” लांबचे म्हणजे वरची वाडी. म्हणजे आशाताई.

मी चहाचे कप उचलून आत गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. सासूबाईंचा फोन लागत नव्हता म्हणून मी जे केलं, त्याने दुसऱ्या कुणाच्या सासूचा, कुणाच्या बाळंतिणीचा फोन तुटत होता. त्याच संध्याकाळी मी पाखाडी चढून आशाताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हायती नव्हतं ना तुमाला. आता काढलंत ना?” मी म्हटलं, दुपारीच काढलं.

कायद्याचं त्या मुलांकडूनच कळलं. आपल्याकडे मोबाइलचा बूस्टर किंवा रिपीटर परवानाधारक दूरसंचार कंपनीशिवाय कुणीही बाळगणं, विकणं आणि वापरणं बेकायदा आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांखाली ते येत होतं. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये, म्हणजे आमच्या दिवाळीच्या खरेदीच्या आधीच, हे जाहीरपणे पुन्हा बजावलं होतं. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्यानेही विनापरवाना रेडिओ उपकरणं मोकळी केलेली नाहीत. आमच्यावर कारवाई झाली नाही, डबा काढून टाकला एवढ्यावर भागलं. पण दुकानात राजरोस मिळतं म्हणजे चालतं, हे मी मनातून कायमचं काढून टाकलं.

प्रश्न तसाच राहिला. खाट ओटीवर आणि फोन गप्प.

त्या मुलाने जाताना एक वाक्य सांगितलं होतं: “सिग्नल वाढवत बसू नका, जिथे आहे तिथून घरात आणा.” पुढचे दोन महिने मी त्या वाक्यावर काम केलं.

आधी रीतसर तक्रार. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन, तक्रार क्रमांक लिहून घेतला, उत्तर आलं की या ठिकाणी कव्हरेज मर्यादित आहे. त्यावर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकट्यादुकट्याची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे अर्ज घालून वेळ घालवू नये. माझ्या अपिलाला लेखी उत्तर मिळालं, टॉवर काही मिळाला नाही. ग्रामसभेत मात्र ठराव झाला. केंद्राने जुलै २०२२ मध्येच २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली होती, २६,३१६ कोटींची, बीएसएनएलमार्फत. त्या योजनेत आपली वाडी बसावी असा तो ठराव. त्याची पोच माझ्या फायलीत आहे आणि मी तिचा पाठपुरावा सोडलेला नाही.

मग सिम. घरी जो कुणी पाहुणा येईल, त्याचा फोन मी अंगणात उभं राहून तपासायला लागले. कुरिअरवाला, विमा एजंट, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले लोक, कुणालाच सोडलं नाही. कमी फ्रीक्वेन्सीची लहर भिंतीतून आणि डोंगराच्या कडेवरून जास्त चांगली जाते. ९०० मेगाहर्ट्झ जिथे पोचते तिथे २३०० पोचेलच असं नाही. एका वेगळ्या कंपनीचा सिग्नल गडग्याजवळ आमच्या सिमपेक्षा बराच स्वच्छ निघाला. आता ट्रायच्या २०२४ च्या नियमांनंतर कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, त्यामुळे हे काम बरंच घरबसल्या होतं. माझ्या वेळी पाहुण्यांचेच फोन कामी आले.

आणि मग मुख्य गोष्ट. वायफाय कॉलिंग. आपल्याकडे डिसेंबर २०१९ पासून ही सोय यायला लागली. घरात वायफाय असेल तर फोन टॉवरऐवजी इंटरनेटवरून आपल्याच नंबरने कॉल लावतो आणि घेतो. समोरच्याला काही कळत नाही, वेगळं अॅप लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत. वायफाय कुणाचंही चालतं, त्याच कंपनीचं हवं असं नाही. म्हणजे मला घरात टॉवर नको होता, चांगलं इंटरनेट हवं होतं. गावठाणातली फायबर आमच्यापर्यंत आणायची तर झाडांवरून दीड किलोमीटर तार ओढावी लागली असती. पावसाळ्यात एक फांदी पडली की संपलं.

इंटरनेट गडग्याजवळ होतं. उणे ९६, आमच्याच आगरात, घरापासून ८६ मीटरवर.

पहिल्यांदा वाटलं, गडग्याजवळ अँटेना लावावी आणि केबलने सिग्नल घरातल्या राउटरपर्यंत आणावा. हिशेब मांडला तेव्हा कळलं की ते फुकट जाईल. टीव्हीची जी काळी केबल सगळीकडे मिळते, ती १८०० मेगाहर्ट्झला एवढ्या अंतरात पंचवीसेक डीबी खाऊन टाकते. तीनशे-चारशे भागांतला जेमतेम एक भाग घरी पोचला असता. म्हणून उलटं केलं. राउटरच वर नेला. पावसात टिकणारा, बाहेर लावायचा ४जी राउटर मिळतो, त्यात सिम घालायचं. तो स्वतःच एक फोन असल्यासारखा टॉवरशी बोलतो, दुसऱ्याचा सिग्नल वाढवून पुढे ढकलत नाही. तिथून घरातल्या वायफायच्या डब्यापर्यंत नेटवर्कची केबल, आणि त्याच केबलमधून राउटरला वीज. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत बिनबोभाट चालते. आमचं अंतर ८६. हे गणित जुळलं तेव्हा मी नवऱ्याला हाका मारत आगरात गेले होते.

केबल उघडी टाकली असती तर वानरांनी आठवड्यात सोलून काढली असती. बागेला पाणी द्यायचा काळा पाइप असतो, तोच शंभर मीटरचा आणला. त्यात आधी सुतळी घातली. सुतळीच्या टोकाला कापसाचा बोळा बांधून पाइपाच्या दुसऱ्या तोंडाने हवा ओढली, तेव्हा ती सरसर आत गेली. मग सुतळीने केबल ओढली. पाइप गडग्याच्या पायथ्याने आणला. दुपार गेली, पण काम पक्कं झालं. वर गडग्याला जीआय पाइप रोवला, राउटर बांधला. या वेळी मी नुसता ताकदीचा आकडा बघितला नाही. राउटरच्या पानावर एसआयएनआर असा दुसरा आकडा दिसतो. गोंगाटाच्या तुलनेत आपला सिग्नल किती स्पष्ट आहे ते तो सांगतो. ताकद उणे ९४ असलेल्या दिशेला तो ५ होता आणि उणे ९६ असलेल्या दिशेला १३. उणे ९६ वाली दिशा ठेवली. मोठ्याने बोलणाऱ्यापेक्षा स्पष्ट बोलणाऱ्याचं जास्त कळतं, तसंच ते आहे.

विजेची भीती होती. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधली परतीची वीज आमच्याकडे वाईट असते. कातळात अर्थिंगचा खड्डा खणता येत नाही, म्हणून जीआय पट्टी खाली पोफळीत आणली, जिथे माती बारा महिने ओली असते. केबलच्या घरातल्या तोंडाला सर्ज संरक्षक बसवला. तरी ढग गडगडायला लागले की मी केबल उपटून ठेवते. तेवढं करायलाच हवं. सगळा खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला.

सासूबाईंचा बटणांचा फोन वायफाय कॉलिंगला चालत नव्हता. त्यांना साधा टचचा फोन घेतला. पहिले दोन दिवस त्यांचे कॉल पुन्हा तुटले, आणि मी घाबरले. कारण असं होतं की फोनला ओटीवर कुठून तरी उणे ११७ चा एक धागा मिळायचा आणि तो वायफाय सोडून त्यालाच चिकटायचा. वायफाय कॉलिंगच्या सेटिंगमध्ये ‘वायफायला प्राधान्य’ असं असतं, ते केलं आणि प्रश्न मिटला. ज्या फोनमध्ये तो पर्याय नसेल त्यात विमान मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवावं. दिवसातून एकदा चार्ज होणारा फोन आता दोन दिवस टिकतो, कारण टॉवर शोधायला तो जीव खात नाही. माझ्या सिमवर ओटीपीही वायफायवरून यायला लागले. नवऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर काही बँकांचे येतात, काहींचे नाहीत. त्यासाठी त्याने बँकेतला नंबर बदलून घेतला.

तातडीच्या क्रमांकांसाठी मात्र वायफाय कॉलिंगवर विसंबू नये. म्हणून तालुक्यातल्या डॉक्टरांचा, रुग्णवाहिकेच्या चालकाचा आणि वरच्या वाडीतल्या दोन घरांचा साधा दहा आकडी नंबर ओटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. राउटर आणि घरातला वायफायचा डबा इन्व्हर्टरवर आहे. पावसाळ्यात वीज चार-चार तास जाते, तेवढं निभतं. टॉवरचीच वीज गेली आणि त्याची बॅटरी संपली तर मात्र काही चालत नाही, तेव्हा पाखाडीच.

बूस्टर अजून माळ्यावर खोक्यात होता. शेजारच्या गावातले एक गृहस्थ मार्चमध्ये आले, तीन हजार द्यायला तयार होते. त्यांच्याही घरी म्हातारे वडील. मी त्यांना डबा दिला नाही. त्यांना घेऊन गडग्यापर्यंत गेले, काळा पाइप दाखवला, आकडा कसा बघायचा ते दाखवलं, आणि आपल्या हद्दीत सगळ्यात चांगली जागा कुठली ते आधी शोधा म्हटलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, त्यांच्या ओटीवरून. मग मी डब्याच्या तारा कापल्या आणि तो लांज्याला इलेक्ट्रॉनिक कचरा घेतात तिथे दिला. यागीचा पाइप वेलीच्या मांडवाला लागला.

आशाताई महिन्याच्या शेवटी आमच्या ओटीवर येऊन त्यांचे फॉर्म भरतात. वायफायचा पासवर्ड त्यांना पाठ आहे. सासूबाई त्यांना चहा करून देतात, आता काठी न घेता.

आणि दिनदर्शिकेवरचा आकडा मी लिहीत नाही, सासूबाई लिहितात. राउटरचं पान त्यांच्या फोनवर कसं उघडायचं ते त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. जूनमध्ये झाडं भिजली की तो उणे १०१ वर जातो, मेमध्ये पानं सुकलेली असताना उणे ९५ असतो. काल संध्याकाळी पहिला जोराचा पाऊस झाला. आज सकाळी मी दुधाचा हिशेब लिहायला गेले, तर चौकटीत त्यांच्या वळणदार अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: दूध १॥, उणे ९९, ताईचा फोन आला.